माहिती शिल्लक आहे

ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. अर्धी तिने मला सांगितलेली, आणि अर्धी मी स्वतः दाराच्या या बाजूला उभं राहून अनुभवलेली.

खरी मानायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मीही असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतलाच होतो.

यात पडका बंगला नाही. मध्यरात्र नाही. कुत्र्यांचं रडणं नाही. भर दुपार होती, शनिवारची. बाहेर असलं ऊन, की टेम्पोच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता.

आणि ताई जमिनीखालच्या एका खोलीत होती...

आधी तिचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताई कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क पुसायची. हेच काम. आमचा शेजारी तिला नेहमी चिडवायचा, "कशाने पुसता हो, फडक्याने की स्पंजने?" पण काम साधं नव्हतं. आपण एखादी फाईल डिलीट करतो ना, ती जातच नाही. ताई म्हणायची, "दारावरची पाटी काढल्यासारखं आहे ते. पाटी काढली म्हणून घरातला माणूस जातो का? तो आत तसाच बसलेला असतो."

म्हणून कंपन्या, दवाखाने, वकील आपल्या जुन्या डिस्क ताईच्या ऑफिसात पाठवायचे. तिथलं मशीन डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं लिहीत जायचं. एकावर एक, थरावर थर. मग खालचं कुणालाच वाचता येत नाही. शेवटी मशीन सगळी डिस्क पुन्हा तपासायचं, आणि पडद्यावर हिरवी ओळ यायची.

काहीही शिल्लक नाही.

ही खोली तळघरात, बोळाच्या टोकाला होती. खिडकी नाही. दार लोखंडी. आत जायला कार्ड, बाहेर यायलाही कार्ड. मोबाइल बोळातल्या लॉकरमध्ये ठेवायचा. पेन ड्राइव्ह न्यायला तर सक्त मनाई, कारण आतली कुठलीही गोष्ट बाहेर जाता कामा नये. आत एक टेबल, एक खुर्ची, एक पडदा, भिंतीवर वॉचमन काकांशी बोलायचा फोन, वर एक कॅमेरा. आणि कोपऱ्यात चुरा करायचं मशीन. ज्या डिस्क पुसल्या जात नाहीत, त्या त्यात टाकायच्या.

त्या शनिवारच्या आधी एक माणूस स्वतःची डिस्क घेऊन आला होता. एवढ्या उन्हाळ्यात गळ्याला मफलर. आम्ही घरी त्याला मफलरवालाच म्हणायचो. तरुणच होता. पण आवाज असा, की जणू कुणी आतून कानस फिरवतंय. दोन शब्द बोलला की थांबायचा.

"सगळं पुसा," तो म्हणाला. "आवाजसुद्धा."

"सर, डिस्क पुसली की सगळंच जातं."

"कॉपी?"

"आम्ही कॉपी काढत नाही."

"माझ्यासमोर पुसा. मला दिसलं पाहिजे."

आधीची कामं पडून होती. ताईने त्याला शनिवारची दुपार दिली.

"येईन," तो म्हणाला. थांबला. मफलर सारखा केला. "नक्की येईन."

गुरुवारी तो गेला.

घशाचा आजार होता म्हणे. शेवटच्या टप्प्यातला.

हे ताईला कळलं शुक्रवारी, ती ऑफिसातून निघताना. पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. मुलाच्या खिशात सापडलेली ऑफिसची पावती हातात. ती आधी मालकांना भेटून आली होती. मालकांनी सांगितलं होतं, गिऱ्हाइकाने पुसायला दिलंय, आता ते पुसलंच जाणार, नियम म्हणजे नियम.

"मला दुसरं काही नको गं," ती ताईला म्हणाली. "त्याचा आवाज तेवढा दे. फार छान गायचा. वर्षभर त्याने मला फोनच केला नाही. नुसते मेसेज. 'कामात आहे आई, नंतर बोलू.' मी दुसऱ्या गावी, मुलीकडे. मी आपली रुसून बसले. मला काय माहीत, त्याचा आवाजच जात चाललाय ते."

ताईला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून.

"बघते मावशी," ती म्हणाली. "सोमवारी या."

घरी आल्यावर तिने मला विचारलं, काय करू? मी टेम्पोचे टायर धूत होतो. मान वर न करता म्हणालो, "दे की. एक फाईल तर आहे. मेलेला माणूस थोडाच तक्रार करायला येणार आहे?"

हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेल्यावर ताई एकटी खाली उतरली. चष्म्याच्या डबीत पेन ड्राइव्ह लपवला होता. तिने मफलरवाल्याची डिस्क जोडली. आत आवाजाच्या बऱ्याच फाईल होत्या, सगळ्या नुसत्या तारखांच्या नावाने. तिने त्यातली सगळ्यात मोठी निवडली. ऐकली नाही. कुणाचं खाजगी ऐकायचं नाही, हा तिचा नियम. पेन ड्राइव्हवर घेतली, डबी बंद केली, डबी ओढणीच्या गाठीत बांधली.

मग मशीन सुरू केलं.

डिस्क आतल्या आत टकटकायला लागली. नेहमीसारखीच. पडद्यावरची निळी पट्टी सरकत होती. ताई डबा उघडून जेवली. पाणी प्यायली. पट्टी टोकाला पोहोचली. मशीनने तपासणी केली...

लाल ओळ आली.

माहिती शिल्लक आहे.

ताईला नवल वाटलं. तिने डिस्क उघडून पाहिली. एक अक्षर नव्हतं. नुसती शून्यं. तिने पुन्हा पुसली.

माहिती शिल्लक आहे.

तारा खराब असतील म्हणून दुसऱ्या लावल्या. पुन्हा तेच. आता तिला कंटाळा आला. वर जाऊन चहा घेऊ, मग बघू, असं म्हणून ती उठली आणि दाराला कार्ड लावलं.

दिवा हिरवा झाला नाही.

लालही झाला नाही.

कार्ड पुसलं, पुन्हा लावलं. उलटं लावलं. काही नाही... जणू कार्ड लावलंच नव्हतं.

ती परत खुर्चीत येऊन बसली आणि भिंतीवरचा फोन उचलला. वॉचमन काका वर गेटजवळच्या केबिनमध्ये बसतात. त्यांच्यासमोर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं असतात.

"काका, दार उघडत नाहीये. तुमचं मोठं कार्ड घेऊन खाली येता का?"

"कोणतं दार, ताई?"

"तळघरातलं. मी आत अडकलेय."

काका हसले. "चेष्टा करता का म्हाताऱ्याची? आत तुम्ही कुठे आहात? मला समोर दिसतंय की."

ताईने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. "ही काय मी! खुर्चीवर बसलेय."

"खुर्चीवर..." काकांचा आवाज जरा खाली आला. "खुर्चीवर ते मफलरवाले साहेब बसलेत ना. मी म्हटलं, तुम्ही त्यांना बसवून जेवायला वर गेलात."

ताई खुर्चीतून उठली. उठली म्हणजे काय, फेकल्यासारखी बाजूला झाली.

खुर्ची रिकामी होती.

"काका... आता?"

"आता काय? बसलेत. पडद्याकडे बघताहेत."

आणि फोन बंद झाला. कट झाल्याचा आवाजही नाही. कानाला नुसतं प्लास्टिक.

ताई दारावर हात आपटायला लागली. दोन्ही हातांनी. जोरजोरात.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

आवाज येत नव्हता.

लोखंडी दारावर ती मुठी मारत होती, हात लालबुंद झाले होते, पण आवाज नाही. तिने टाळी वाजवली. नाही. पायातली चप्पल काढून जमिनीवर आपटली. नाही. डोक्यावर हवा खेळवायचा पंखा फिरताना दिसत होता, पण त्याची घरघर गेली होती. ती ओरडली. घसा दुखला, छाती भरून आली, पण कानाला काही लागलं नाही.

मशीन मात्र चालू होतं. कुणीही न सांगता, चौथ्यांदा. निळी पट्टी सरकत होती.

पण डिस्क तर कधीच कोरी झाली होती.

मग मशीन पुसत काय होतं?

आता माझ्याकडचं सांगतो.

मी तिला घ्यायला चारच्या सुमारास पोहोचलो. टेम्पो गेटबाहेर लावला. वॉचमन काका म्हणाले, "ताई? त्या गेल्या की. मघाशी फोन आला होता त्यांचा, काहीतरी थट्टा करत होत्या."

"कुठून फोन आला?"

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. केबिनमधला तो फोन फक्त तळघरातून वाजतो. हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी ताईच्या मोबाइलवर फोन लावला आणि जिना उतरलो. रिंग ऐकू येत होती. लॉकरमधून.

म्हणजे ती आत होती.

मी दार वाजवलं. हाका मारल्या. काकांनी मोठं कार्ड लावलं. दिवा लागलाच नाही. मी दाराला कान लावला.

आत कुणीतरी गुणगुणत होतं.

पुरुषाचा आवाज. फार गोड. शब्द नाहीत, नुसते सूर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तरीही कान काढावासा वाटेना...

त्या वेळी आत काय चाललं होतं, ते ताईने मला नंतर सांगितलं.

ती दारापाशी खाली बसली होती. तिला कळून चुकलं होतं. तो येणार म्हणाला होता. आलाही. आणि त्याला जे पुसायचं होतं, ते पुसलं गेलं नव्हतं. ते तिच्या ओढणीच्या गाठीत होतं.

ती रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून उभी राहिली. "तुमच्या आईने मागितलंय हो," ती म्हणाली. स्वतःचेच शब्द तिला ऐकू येत नव्हते. "एक गाणं आहे फक्त. म्हातारीला तेवढाच आधार."

काही हललं नाही. पट्टी सरकत राहिली.

मग ताईने एक गोष्ट केली. तिने पेन ड्राइव्ह जोडला आणि ती फाईल लावली. एवढं काय आहे ह्यात, असं तिला झालं. पडद्यालाच एक बारीकसा स्पीकर होता.

त्या मुक्या खोलीत तो एकच आवाज आला.

गुणगुणणं. तेच, जे मी बाहेरून ऐकत होतो. सुंदर. पहाटे बाजूच्या खोलीत कुणी आपल्याच नादात गावं तसं. मग एक ठसका. पुन्हा सूर, जरा फाटका. पुन्हा ठसका. मग सूर लागेचना. श्वास ओढण्याचा आवाज. आणि मग...

"आई गं."

काही दुखलं की आपण सगळेच म्हणतो. ठेच लागली, आई गं. बोट कापलं, आई गं. त्यात आपण आईला हाक मारतोय, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

तो हाक मारत होता.

"आई गं... आई... ए आई..."

ते थांबतच नव्हतं. फाईल मोठी होती, ती त्यामुळे. तासन्‌तास असणार. एकटा माणूस, बंद घर, आणि चालू राहिलेलं रेकॉर्डिंग. ज्या आईला त्याने 'कामात आहे' असं कळवलं होतं, तिला तो रात्ररात्र हाका मारत होता. तिला ऐकू जाणार नाहीत अशा.

ताईला कळलं, त्याला ते का नको होतं.

तिने फाईल बंद केली. पेन ड्राइव्ह काढला, कोपऱ्यात गेली आणि चुरा करायच्या मशीनमध्ये टाकला. बटण दाबलं. मशीनचे दात फिरले. आवाज नाही. खालच्या ट्रेमध्ये चिमूटभर भुगा पडला.

ती वळली.

पडद्यावर हिरवी ओळ होती. काहीही शिल्लक नाही.

आणि पंख्याची घरघर सुरू झाली. ताई म्हणते, तेवढा गोड आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

दार उघडलं तेव्हा मी त्याला टेकून होतो, आतच कोसळलो. ताई माझ्या अंगावरून उडी मारून बोळात गेली आणि भिंतीला धरून रडायला लागली. मी आत नजर टाकली. कुणी नव्हतं.

फक्त खुर्ची पडद्याकडे तोंड करून, टेबलाला चिकटवून ठेवलेली होती. कुणीतरी नीट बसल्यावर ओढून घेतं, तशी.

काकांनी त्याच संध्याकाळी नोकरी सोडली. त्या दुपारचं कॅमेऱ्याचं चित्रण मालकांनी शोधलं. त्या वेळात नुसता काळा पडदा होता.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

सोमवारी ती म्हातारी आली. मी ताईला एकटीला जाऊ दिलं नाही, सोबत होतो. पायरीवर बसलो तिघं.

"राहिलं नाही हो मावशी काही," ताई म्हणाली. "डिस्क आधीच खराब झाली होती."

आयांना खोटं लगेच कळतं.

"तू ऐकलंस त्याला," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर दिसतंय. काय म्हणत होता गं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"गात होता," ती म्हणाली.

"काय गात होता?"

आणि ताईने ते सूर गुणगुणले. अगदी सुरुवातीचे, गोड होते तेवढे. माझ्या बहिणीला साधी अंगाई धड म्हणता येत नाही. पण सूर अचूक लागला. म्हाताऱ्या बाईने डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"तोच," ती म्हणाली. "माझा तोच. अजून थोडं म्हण."

ताई गात राहिली... आणि मग तिला ठसका लागला.

पुन्हा सूर. जरा फाटका.

पुन्हा ठसका.

ताईचे डोळे भीतीने विस्फारले. तिला थांबायचं होतं, मला दिसत होतं, पण गळा थांबत नव्हता. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडावर हात दाबला, दंडाला धरून उचललं आणि टेम्पोत नेऊन बसवलं. माझ्या तळहाताखाली तिचे ओठ हलत होते. दोनच अक्षरं. पुन्हा पुन्हा.

बाईला ते ऐकू गेलं नाही. एवढंच समाधान.

पेन ड्राइव्हचा चुरा झाला होता. पण ताईने ऐकलं होतं ना... एक कॉपी तिच्यात होती.

आता तिने ते काम सोडलंय. कापडाच्या दुकानात बसते. पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा मी तिला फोन केला, तर म्हणाली, "आपण कोण?" मला वाटलं मस्करी करतेय. नव्हती करत. चेहरा बघून ओळखते, पण फोनवर माझा आवाज तिला परक्याचा वाटतो. मग कुकरची शिट्टी गेली. झाली तरी कशाचा आवाज ते कळायचं नाही. मग दारावरची बेल. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

एकेक आवाज जातोय. एकावर एक, थरावर थर.

परवा सकाळी ती चहा घेताना म्हणाली, "बाळ्या, ते सूर आता मला आठवेनासे झालेत रे."

मला इतकं हायसं वाटलं, की मी कप खाली ठेवून तिच्या पाठीवर थाप मारली. सुटलो, म्हटलं.

ताई मात्र हसली नाही. ती मान वाकडी करून आतल्या खोलीकडे लक्ष देत होती.

आत आमची आई होती. उठून कपाट आवरत होती, आणि ताईलाच हाक मारत होती. तिच्या लाडक्या नावाने. जन्मल्यापासून मारते तशी.

"बाळ्या," ताईने हळूच विचारलं, "घरात कोण बाई आलीय?"

मी उठून आईला ताईसमोर आणून उभं केलं. चेहरा बघून तिने ओळखलं. गळ्यात पडली. आई बोलायला लागली, तशी पुन्हा दूर सरकली.

तिच्यातलं पुसून कधी संपणार, मला माहीत नाही. संपल्यावर हिरवी ओळ कुठे दिसणार, तेही माहीत नाही.

आणि दाराला कान लावून मीही ऐकलं होतं. थोडंसंच. पण ते सूर माझ्या अजून चांगले लक्षात आहेत...